डोळ्याने माणूस मरत नाही, म्हणून?

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला आणि दोनच दिवसांनी केंद्र सरकारने शेतीची कामे टाळेबंदीतून वगळली. निर्णय योग्यच होता. रब्बीची ज्वारी कापून पडली होती, हरभरा मळायचा होता, आणि रान काही सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यातही मळणीयंत्रे फिरत राहिली. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात कुसळ, तूस, भुसकट जायचे ते जातच राहिले. त्याला डॉक्टरपर्यंत नेणारी एसटी मात्र आगारात उभी होती. डोळ्याला इजा करणारे काम चालू आणि त्या इजेवरच्या इलाजाची वाट बंद, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातली विसंगती तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. आम्हाला भीती आहे की ती आजही कोणाच्या लक्षात आलेली नाही.

देवणीच्या माणसाचा डोळा दुखला की तो उदगीरला जातो. तिथल्या उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयाने या सीमाभागातल्या कैक म्हाताऱ्या माणसांना पुन्हा नातवंडांचे तोंड दाखवले आहे. त्याच्या पुढचे काम असेल तर लातूर, नाहीतर नांदेड, आणि ऐपत असेल किंवा कर्ज मिळाले तर हैदराबाद. पलीकडे कर्नाटकात भालकी आणि बिदर आहेत. वलांडीच्या बाजूच्या गावांना ती दोन्ही परकी वाटत नाहीत. आता हा नकाशा २०२० च्या एप्रिलमध्ये नेऊन पाहा. जिल्ह्यांच्या सीमा २३ मार्चपासूनच बंद होत्या. कर्नाटकाची हद्द म्हणजे तर परदेशच झाला होता. एप्रिलच्या अखेरीस उदगीर शहरात कोरोनाचे रुग्ण निघाले आणि तेही नाकाबंदीखाली गेले. म्हणजे एका तालुक्याच्या डोळ्यांचे सगळे दरवाजे एकाच महिन्यात बंद झाले, आणि त्यासाठी कोणी वाईट हेतूने काही करण्याची गरजच पडली नाही.

कागदावर दवाखाने सुरू होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या काळात देशभरातल्या १,२६० नेत्रतज्ज्ञांना विचारणा झाली, तेव्हा त्यातल्या ७२.५ टक्क्यांनी आपण एकही रुग्ण पाहत नसल्याचे सांगितले. त्यांना भित्रे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. डोळा तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर असते. वूहानमध्ये या रोगाची धोक्याची घंटा वाजवणारा आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच रोगाने गेलेला डॉ. ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञच होता. मुखपट्ट्या नव्हत्या, संरक्षक पोशाख नव्हते, आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही तातडीचेच रुग्ण पाहा, बाकीचे पुढे ढकला, असा होता. तो सल्ला चुकीचा नव्हता. प्रश्न वेगळाच आहे. डोळ्यातले तातडीचे म्हणजे काय, हे देवणीत कोणाला माहीत होते? गावच्या आशाताईला, नाक्यावरच्या हवालदाराला, १०८ वर फोन उचलणाऱ्याला?

छातीत कळ आली की ती तातडी आहे हे शेंबडे पोरही जाणते. डोळ्याचे तसे नाही. डोळ्याने माणूस मरत नाही, म्हणून घरचेही ‘बघू उद्या’ म्हणतात. पिकाच्या काडीने बुबुळाला ओरखडा पडला की बुरशीला आत शिरायला तेवढी फट पुरते. पहिल्या एकदोन दिवसांत औषध पडले तर बहुधा निभावते; आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका, पंधरवड्याने फूल, आणि मग जन्मभर त्या डोळ्याने नुसता उजेड-अंधार. देशाच्या अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण म्हणून बुबुळाचा हा पांढरेपणाच पुढे आला, ३७.५ टक्के. हे कमावत्या वयाचे डोळे आहेत. काचबिंदूचा अचानक झटका आला तर डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, घरचे पित्त समजून लिंबूपाणी देतात. आणि काही तासांत डोळ्याची नस जाऊ शकते. पडदा सुटला तर काहीच दुखत नाही, डोळ्यापुढे नुसता काळा पडदा सरकत येतो, म्हणून तर तो अधिक घातकी. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटली तर हाताला असेल ते स्वच्छ पाणी अर्धा तास डोळ्यावर धरणे हाच पहिला इलाज असतो, गाडी शोधणे नव्हे. आपल्याकडे मात्र पाण्याआधी लोणी, मध, नाहीतर बाळंतिणीचे दूध येते. जिभेने कुसळ काढून देणारी म्हातारी अजूनही काही गावांत आहे. तिची माया खरी, पण तिच्या जिभेवरचे जंतूही खरेच.

आणि ज्याला स्वतःला सांगताच येत नाही, त्याचे काय? कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तपासावा लागतो. महिना उलटून गेला तर पुष्कळदा उपाय उरत नाही. टाळेबंदीच्या त्या आठवड्यांत लातूर-नांदेडच्या काचपेट्यांतून घरी गेलेल्या किती बाळांची ही तपासणी झाली, हे दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर करायला हवे. ती मुले आता शाळेत जाण्याच्या वयाची आहेत.

मोतीबिंदूचे म्हणाल तर तो ‘थांबू शकतो’ या रकान्यातला. पण मराठवाड्यातल्या गरिबाचा मोतीबिंदू शिबिराच्या गाडीत बसूनच दवाखान्यात जातो. शिबिरे थांबली की तो डोळ्यातच पिकत राहतो, फुगतो, आतला दाब वाढवतो, आणि एका रात्री तोच तातडीचा आजार होऊन बसतो. पुढे ढकललेली शस्त्रक्रिया फुकट पुढे जात नाही.

मग २०२१ चा मे महिना आला. पहिल्या लाटेत डोळ्याच्या इलाजाकडे जाण्याची वाट बंद झाली होती. दुसऱ्या लाटेत रोगच डोळ्यापर्यंत आला. काळ्या बुरशीने, म्युकरमायकोसिसने, नाकातून वर सरकत डोळ्याची खोबण गाठली. देशभरातल्या २,८२६ रुग्णांच्या नोंदी नेत्रतज्ज्ञांनी एकत्र केल्या, तेव्हा ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिले गेलेले होते आणि ७८ टक्क्यांना मधुमेह होता. गुजरात आणि महाराष्ट्र या यादीत सर्वांत वर. पापणी जड होणे, गालाला बधिरपणा, डोळा सुजणे, एकाचे दोन दिसणे, ही लक्षणे दिसताच धावपळ केली असती तर अनेकांचे डोळे, आणि जीवही, वाचले असते. पण कोरोनातून सुटून घरी आलेला माणूस पुन्हा दवाखान्याचे नाव काढायला तयार नव्हता. जे दवाखान्यात गेले त्यांना या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरावे लागले. अखेर कित्येकांचा जीव वाचवायला डोळा काढून टाकावा लागला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार आला, उपचार मोफत झाले, ही सरकारची चांगली बाजू. घरी सोडलेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची साखर आणि डोळा आठवड्याने पाहायचा, एवढे साधे काम मात्र कोणाच्याच अंगावर नव्हते.

एक विरोधाभास इथे सांगितलाच पाहिजे. त्या दोन लाटांत राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचे संचालक होते डॉ. तात्याराव लहाने, याच लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी देशभर नाव असलेले. नेत्रतज्ज्ञ एवढ्या मोठ्या खुर्चीवर असतानाही तालुक्याच्या पातळीवरचा डोळा वाऱ्यावर राहिला. म्हणजे दोष माणसाच्या कळकळीचा नाही. तालुक्यात यंत्रणाच नव्हती.

यातून आपण शिकलो का? २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली. तो आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा. तरीही गावोगावी लोक मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हणत होते आणि दुकानदार हाताला येईल तो देत होता. त्यातला स्टेरॉइडचा थेंब बुरशी लागलेल्या बुबुळात पडला तर दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी मोकाट सुटते. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय असे थेंब विकणाऱ्या दुकानांवर शेवटची कारवाई कधी केली, हेही एकदा सांगावे.

आमची मागणी मोठ्या इमारतीची नाही. इमारतीचे भूमिपूजन होते आणि डॉक्टरचे पद रिकामे राहते, हे मराठवाड्याने पुरेसे पाहिले आहे. देवणीच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आठवड्याचे किती दिवस बसतो? त्याच्याकडे बुबुळावरचा ओरखडा दाखवणारी रंगाची पट्टी आणि निळा दिवा आहे का? बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब कपाटात आहेत का? ही सगळी थोडक्या पैशांची खरेदी आहे. नेपाळमध्ये भक्तपूरला गावच्या स्वयंसेवकांनी ओरखडा ओळखून लगेच मलम घातले, तेव्हा बहुतेक डोळे बिनधोक बरे झाले होते. पुढे नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. म्हणून नुसती आशाताईच्या पिशवीत ट्यूब टाकून जबाबदारी झटकता येणार नाही. तिच्यामागे फोन उचलणारा नेत्रतज्ज्ञ हवा. ई-संजीवनीवर आज घरबसल्या डॉक्टर भेटतो. आशाताईने मोबाइलवर काढलेला डोळ्याचा फोटो उदगीर किंवा लातूरच्या तज्ज्ञाने त्याच दिवशी पाहावा आणि ‘आत्ता निघा’ की ‘उद्या चालेल’ ते सांगावे.

आणि सर्वांत आधी, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा एक कायमचा आदेश हवा. साथ कोणतीही असो, नाकाबंदी कितीही कडक असो, डोळ्यात काडी किंवा चुना गेलेला, अचानक दिसेनासे झालेला, एका डोळ्याने काळा पडदा पाहणारा, आणि तीन आठवड्यांचे कमी वजनाचे बाळ, यांची गाडी कोणत्याही वेशीवर अडवायची नाही. बिदरकडे जाणारी असली तरी नाही; त्यासाठी कर्नाटकाच्या प्रशासनाशी आजच लेखी ठरवावे लागेल, कारण साथीच्या दिवसांत पलीकडचा फोन कोणी उचलत नाही. हा आदेश पोलीस ठाण्यात, १०८ च्या केंद्रात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर यंदाच्या ज्वारीच्या काढणीआधी लागला पाहिजे. लागला नाही तर आम्ही त्या त्या कार्यालयाचे नाव घेऊन याच जागी पुन्हा विचारू.