शेजारी कोण?

कोलकात्याचा गार्डन रीच म्हणजे हुगळीकाठच्या गोद्या, जहाजबांधणीचा कारखाना आणि दाट वस्ती. १७ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास तिथे बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक माणसे दगावली. बांधकाम बेकायदा होते, हे खुद्द महापौर फिरहाद हकीम यांनीच सांगितले.

बेकायदा घर पाडावे की राखावे, हा न्यायशास्त्रातला जुना वाद आहे आणि त्याचे मूळ आपल्या मुंबईच्या फुटपाथवर आहे. ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सांगितले. मात्र पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्यास मुभाही दिली! न्यायालयाने हक्क दिला की नुसती मुदत, यावर अभ्यासक अजून भांडतात.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझरला लगाम घातला. पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी. पण रस्ता, फुटपाथ, जलाशय यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. म्हणजे ऑल्गा टेलिसमधली माणसे पुन्हा बाहेरच. महिनाभरानंतर दुसऱ्या पीठाने बजावले, की बांधकाम जुने झाले म्हणून कायदेशीर होत नाही. एकाने पाडावे कसे ते सांगितले, दुसऱ्याने पाडावे का ते. दोन्हींत विरोध आहे, असे मला वाटत नाही.

मला खटकते ते वेगळेच. फुटपाथवरचे प्लास्टिकचे छप्पर आणि चिंचोळ्या गल्लीतले पाच मजले, दोघांनाही आपण ‘अनधिकृत’ म्हणतो. छप्पर पडले तर आतल्याला खरचटेल. पाच मजले पडले तर मरतो तो शेजारी. मुंब्र्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी अशीच इमारत पडली, ७४ जण गेले.

१९३२ साली ब्रिटनमध्ये जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगायीवरून गाजलेल्या खटल्यात लॉर्ड ॲटकिन यांनी विचारले होते, कायद्याने माझा शेजारी कोण? माझ्या कृतीची झळ ज्याला थेट बसेल तो. (गोगलगाय खरोखर होती की नाही, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, ते असो.)

आपल्याकडचा वाद बांधणारा आणि महापालिका या दोघांतच अडकतो. पंधरा दिवसांची नोटीस घरमालकाच्या नावे निघते. पलीकडे पत्र्याखाली झोपलेल्यांना ती कोण वाचून दाखवणार?