निळ्या शॉकअपचा नाद

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय फालतू वाटेल: रिमोटच्या गाड्या. पण पगार हातात आला की लेन्सपासून सायकलपर्यंत आपण जे करतो तेच इथेही चाललंय, म्हणून वाचा.

कुणी हौसेने सहा-सात हजारांची गाडी घेतो, अंगणात चार उड्या मारतो आणि म्हणतो, "जरा उधळते रे." जाणकारांचं उत्तर ठरलेलं. अॅल्युमिनियमचे शॉकअप टाक, आर्मपण अॅल्युमिनियमचेच घे. निळेशार, चकचकीत! गाडी मुळातच महाग (खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०), त्यावर हा अहेर.

बिद्रीत माझ्या चुलतभावाच्या पोराला हाच सल्ला मिळाला. नववीतलं पोरगं. त्याची गाडी दोन महिने कपाटात आहे, "पार्ट आल्यावर काढू" म्हणून. माझा राग आहे तो इथे. गाडीला काही झालं नव्हतं, ती सल्ल्याने बंद पडली.

आता जरा इंजिनियरिंग. एक-दशांश मापाची गाडी लांबीला दहापट लहान, पण वजनाला साधारण हजारपट हलकी. दीड-दोन किलोचा मामला. गुरुत्वाकर्षण मात्र तेच. ती एक फूट उडाली तर मापाच्या हिशेबाने दहा फुटांवरून पडली. खरी गाडी इतक्यावरून पाडून बघा! तरीही ही वाचते, कारण हलकी आहे आणि तिचा प्लॅस्टिकचा आर्म वाकतो नि परत सरळ होतो. अॅल्युमिनियमचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो, पिन अडकते, आणि न वाकला तर धक्का पुढच्या नाजूक भागाला जातो. म्हणजे दोनशेचा पार्ट वाचवायला गिअरबॉक्स फोडायचा. उद्यमनगरात लेथवर बसणाऱ्या कुणालाही विचारा, कडक म्हणजे मजबूत नव्हे हे तो चहा संपायच्या आत पटवून देईल.

आणि उसाच्या बैलगाडीला कुठे शॉकअप असतात हो? ट्रॅक्टरच्या मागच्या अॅक्सललाही बहुधा नसतात. काम टायर करतो. रिमोटच्या गाडीतही पहिला पैसा टायरवरच जावा. गुळगुळीत कडक टायर घालून मातीत सस्पेन्शनला शिव्या देण्यात काय अर्थ आहे? तामियाची १९८४ ची ग्रासहॉपर आठवा. शॉकअपमध्ये ऑइलच नाही, नुसत्या स्प्रिंगा, ससा उड्या मारतो तशी पळायची. कंपनीने २००५ मध्ये ती पुन्हा काढली आणि लोकांनी पुन्हा घेतली. ज्या गाडीने दोन पिढ्यांना नाद लावला, तिला आजचे जाणकार "टॉय ग्रेड" म्हणून नाक मुरडतील.

रेसिंग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना शेवटच्या लॅपला शॉकअप पहिल्या लॅपसारखाच चालायला हवा, चांगल्या मेटल बॉडीचा तिथे उपयोग आहे. पण कारखान्याच्या रस्त्यालगतच्या मातीत रविवारी अर्धा तास खेळणाऱ्याला तो मापदंड लावणं म्हणजे गल्ली क्रिकेटला थर्ड अंपायर मागणं.

खरं औषध स्वस्त आहे. शॉकअपमध्ये ऑइल भरता येत असेल तर सिलिकॉन ऑइल बदला. इंजिन ऑइल नको, त्याने रबरी रिंगा फुगू शकतात. बाटलीवर 'वेट' लिहिलं असेल तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका, सीएसटीचा आकडा बघा. मग बॅटरी बसवून गाडी एक फुटावरून सपाट सोडा. पडून पुन्हा उसळली तर ऑइल पातळ आहे. खडबडीत रस्त्यावर चाकं वरच अडकल्यासारखी होऊन गाडी टणटण नाचली तर ऑइल जाड. पोट जमिनीला घासत असेल तर स्प्रिंगवरच्या क्लिपा वाढवा, त्या बहुतेक वेळा डब्यातच येतात. प्लॅस्टिकचे बुश असतील तर बॉल बेअरिंग घाला. एवढं सगळं दोन पिझ्झ्यांच्या पैशात बसतं.

पोराला फोनवर हेच सांगितलंय. ऑइलची बाटली शनिवारी मी घेऊन जातोय. फक्त हंगाम सुरू असेल तर गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही, उसाचा ट्रॅक्टर तिच्यासाठी ब्रेक मारणार नाही.