चेरीचे कलम आणि परीक्षेतले उत्तर

"कलमी झाडाच्या फळात मातृवृक्षाचे सर्व गुण जसेच्या तसे उतरतात." हे वाक्य लिहिले की आपल्या विद्यार्थ्यांना पूर्ण गुण मिळतात. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. याच्या पुढचे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मुळीच कापले जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चेरीचे उदाहरण घेऊ. केकवरची लाल 'चेरी' बहुधा पाकात मुरवलेले करवंद असते. खरी चेरी काश्मीर आणि हिमाचलच्या थंडीत पिकते. तिची जात वरची कलमकाडी ठरवते. मात्र पाणी आणि क्षार खालच्या खुंटाच्या मुळांतूनच वर चढतात आणि झाड किती वाढेल यावरही खुंटाचा अंमल असतो. म्हणून एकाच जातीचे कलम वेगवेगळ्या खुंटांवर बांधले, तर फळातील ग्लुकोज, फ्रुक्टोज, मॅलिक आम्ल आणि लाल रंग देणारे अँथोसायनिन यांचे प्रमाण बदलू शकते.

जर्मनीतील गीसेनच्या विद्यापीठात तयार झालेला 'गिसेला ५' हा खुंट पाहा. त्यावरचे झाड ठेंगणे राहते, लवकर आणि भरघोस फळते. पण फळे फार आणि पाने कमी झाली, की प्रत्येक फळाच्या वाट्याला साखर कमी येते आणि फळ लहान राहते. योग्य छाटणी करून हा तोल सांभाळला, तर त्याच खुंटावर उत्तम फळ मिळते. तेव्हा श्रेय वा दोष एकट्या खुंटाला देता येत नाही. काडी, खुंट, जमीन, हवामान आणि माळी या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मांडायला शिकवणे हेच विज्ञानाच्या तासाचे काम आहे. त्यासाठी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की प्रयोगशाळेसाठी एक हाती रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. रसाच्या एक-दोन थेंबांवरून त्यातील विद्राव्य घटकांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण त्यावर वाचता येते. चेरी महाग पडेल. पेरू आणि आंबा चालतील. पालकांनी घरच्या झाडाची दोन-चार फळे मुलांबरोबर पाठवावीत. एकाच झाडाच्या दोन फळांचे आकडेही वेगळे आले, की प्रश्न विचारायला मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

पाठांतराला आमचा विरोध नाही. पण पाठ केलेल्या वाक्यापुढे "किती?" आणि "कशामुळे?" हे विचारणारी मुले या शाळेतून बाहेर पडावीत, एवढीच आमची इच्छा आहे.