जखमेला जात असते

दोस्तहो, आपल्याकडं बाईच्या अंगात आलं की दोन माणसं पळत येतात. एक देवरुशी, दुसरा आपला कार्यकर्ता. देवरुशी म्हणतो, देवी आली, लिंबू आणा. कार्यकर्ता म्हणतो, अंधश्रद्धा आली, भाषण आणा. बाई दोघांच्या मधी भुईवर पडलेली. तुला झालं काय बाई, हे कुणीच विचारत नाही.

आता तिसरा इसम आलाय. शहरातला थेरपिस्ट. हा विचारतो, पण घड्याळाकडं बघून. मन बघतो, वस्ती बघत नाही. जातीचा विषय निघाला की म्हणतो, आपण भावनांवर बोलूया. साला, जात ही भावना आहे काय?

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यांत अशा माणसांजवळ बसायचं काम करते. या तिघांशीही माझं भांडण आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे ३.५६ ला लातूर-उस्मानाबाद हादरलं. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. त्याचा धसका कैकांना जन्मभर पुरला. पण भूकंपाला आघात म्हणायला कुणाची ना नव्हती. तो निसर्गाचा होता, त्यात आरोपी नव्हता.

आमच्या आघाताला आरोपी असतो, आणि तो शेजारच्याच आळीत राहतो. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरं जळाली. ते बघणारं लेकरू आज पन्नाशी ओलांडून गेलंय. जाळणारे रोज सकाळी राम राम घालत होते आणि त्याला उलट राम राम घालावा लागत होता. भूकंप एकदा येतो. हा रोजचा. जिथून सुटका नाही असा, पुन्हा पुन्हा होणारा, ओळखीच्या माणसानं केलेला आघात, याला शास्त्रात गुंतागुंतीचा ट्रॉमा म्हणतात.

अशा वेळी माणूस लढू शकत नाही, पळू शकत नाही. मग मेंदू आतल्या आत पळून जातो. अंग बधिर होतं. मधला काळ आठवत नाही. आपलंच शरीर दुसऱ्याचं वाटतं. कधी आतून दुसराच आवाज बोलायला लागतो. याला डिसोसिएशन म्हणतात. कळंब-भूम-वाशीकडून कोयत्यावर गेलेली, उचलीत बांधलेली बाई फडात कुणी हात टाकला तर ओरडणार कुणाकडं? ती देह तिथंच ठेवून निघून जाते. घरी आल्यावर देवीचा आवाज काढते, कारण बाईचं कुणी ऐकत नाही, देवीचं ऐकतात. हे नाटक नाही. जगायचा तो एकच रस्ता उघडा होता.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली रोगांची यादी सांगते, की धर्माच्या, रितीच्या चौकटीत अंगात येणं हा आजार नव्हे. नको असताना येतं, जगणं मोडतं, तेव्हा तो आजार. म्हणून तुळजापुरात नाचणाऱ्या प्रत्येक आराधिणीला वेडी ठरवू नका. आणि भूत काढतो म्हणून कुणी साखळीनं बडवत असेल तर २०१३ चा कायदा आहे, त्याला आत घाला. पण भोंदू आत गेला म्हणून बाई बरी होत नाही. ते काम नंतर सुरू होतं.

कसं? ज्युडिथ हर्मन या अमेरिकन बाईनं १९९२ मध्ये तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. हे ज्ञान दवाखान्यात आपोआप उगवलं नाही. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि रस्त्यावर उतरलेल्या बाया भांडल्या, तेव्हा डॉक्टरांनी आघात मान्य केला. म्हंजे हे शास्त्रही चळवळीचंच लेकरू आहे. ते पांढरपेशांना आंदण का देता?

आता पहिला टप्पा बघा. सुरक्षितता. आरोपी जामिनावर सुटून त्याच पाणवठ्यावर उभा असेल तर डोळे मिटून श्वास मोजायला कोणत्या तोंडानं सांगता? अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क दिलाय. तो मिळवणं हा उपचाराचाच भाग आहे. हे ज्याला कळत नाही तो थेरपिस्ट फक्त फी घेणारा माणूस.

आणि कार्यकर्त्यांनो, तुम्हीही ऐका. अत्याचार झाला की तुमची सत्यशोधन समिती येते, मागून दुसरी, मागून तिसरी. प्रत्येकाला पोरीनं पहिल्यापासून सांगायचं. पुन्हा मोर्चात माईकवर. ती दगडासारख्या चेहऱ्यानं सांगते आणि तुम्ही म्हणता, काय धीराची पोरगी! अरे, ती तिथं नाहीच. ती निघून गेलीय. तुमचं भाषण गाजतं आणि ती रात्रभर थरथरत बसते. जबानी एकदा घ्या, नीट घ्या, ओळखीची बाई शेजारी बसवून घ्या. बाकीच्यांनी कागद वाचावा.

बसायचं असेल तर असं बसा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जा. विचारल्याशिवाय हात लावू नका. जखम उकरू नका. ती हरवली तर हळू आवाजात आजचा वार सांगा, गावाचं नाव सांगा, पाय भुईला टेकवायला सांगा, हातात गार पाण्याचा तांब्या द्या. आतून दुसरा आवाज बोलला तर त्याला हाकलू नका, त्याच्याशी वाद घालू नका. त्यानंच तिला इथवर जिवंत आणलंय. जीव द्यायची भाषा आली तर एकटं सोडू नका, डॉक्टर गाठा, १४४१६ लावा. तो सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

दलित या शब्दाचा अर्थच दळलेला, तुकडे केलेला. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात आपल्या पूर्वजांना ‘फुटलेली माणसं’ म्हटलं. फोडणारी ही व्यवस्था आहे, तिच्याशी लढाई चालूच राहील. पण तुकडे झालेलं माणूस लढाई जिंकेपर्यंत थांबू शकत नाही. त्याला आजची रात्र काढायची आहे. त्या रात्री त्याच्याजवळ बसणारी पोरंपोरी चळवळीनं वस्तीवस्तीत तयार केली पाहिजेत. सभेला गर्दी थोडी कमी जमली तरी चालेल.

जय भीम.