गाडी खाली, धक्का कण्याला

इलेक्ट्रिक मोटार घेतल्यावर हौशी मालकाला एक गोष्ट हमखास खटकते: चाक आणि त्यावरची कमान यांच्यातली मोठी फट. बॅटरी तळाशी असल्याने गाडीची फरशी उंच होते आणि सगळा डौल जरा लांबटांगा वाटतो. मग आखूड स्प्रिंग बसवून गाडी तीसेक मिलिमीटर खाली आणायची टूम निघते. अशी गाडी झोकदार दिसते, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न रोजच्या वापराचा आहे.

वळणावर पकड वाढते, हा पहिला दावा. पेट्रोलच्या गाडीत त्यात तथ्य आहे, कारण गुरुत्वमध्य खाली येतो. इलेक्ट्रिक गाडीत काहीशे किलोंची बॅटरी आधीच जमिनीलगत असते. हा फायदा बराचसा कंपनीनेच देऊन टाकलेला असतो. दुसरा दावा रेंजचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे द्रुतगती मार्गावर थोडी वीज वाचेलही. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग?

तोटा मात्र पाठीला कळतो. आखूड स्प्रिंगला हालचालीस जागा कमी, म्हणून ती जास्त कडक करावी लागते. साधारण मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. स्प्रिंगचा कडकपणा ३० टक्क्यांनी वाढवला की झुलण्याची ही गती सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. एवढ्यावर भागले असते तर चालले असते. पण बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते आणि कडक सस्पेन्शनमधून नेमकी हीच थरथर जास्त झिरपते. मोठ्या खड्ड्यात तर स्प्रिंगची हालचाल संपून सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि तो धक्का आसनातून थेट कण्यात जातो. गाडी खाली बसवायचे ठरवतो चालवणारा. मागे बसणाऱ्या, कंबरदुखीने बेजार आजींना कोणी विचारत नाही.

आणि तळाशी आता सायलेन्सर नाही, बॅटरी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या मॉडेल एस गाड्यांना महामार्गावर पडलेल्या धातूच्या वस्तू खालून लागून बॅटरीने पेट घेतल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर कंपनीने सॉफ्टवेअर बदलून महामार्गावर गाडी अधिक उंच राहील अशी व्यवस्था केली, आणि २०१४ मध्ये तळाला टायटॅनियमची ढाल जोडली. ज्या कंपनीने गाडी बनवली तिनेच ती वर उचलली, याचा हौशी मंडळींनी विचार करावा.

आपल्याकडे रस्त्यावरच्या धातूआधी गतिरोधक आडवा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस उताराचा हवा. गल्लोगल्ली दिसतो तो रातोरात ओतलेला अरुंद उंचवटा. इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर लांब असले, तर त्यावर पोट घासायला ३० मिलिमीटरचा फरक पुरेसा असतो.

कायद्याचेही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. हवेवर चालणारे, गल्लीत उंच आणि महामार्गावर खाली होणारे सस्पेन्शन काही महागड्या गाड्यांत कंपनीकडूनच मिळते. बाकीच्यांनी एकदा चार माणसे आणि सामान भरून गाडी सोसायटीच्या फाटकावरच्या गतिरोधकावर न्यावी आणि तळाखाली किती जागा उरते, ते टेपने मोजावे.