असईच्या गोलंदाजांना पळपुटे म्हणू नका

तेरखेड्यात शोभेची दारू हा पोटाचा धंदा आहे. दारू भरताना हात स्थिर ठेवायला काय काळीज लागतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या असईत, 23 सप्टेंबर 1803 रोजी तोफेला चिकटून मेलेले गोलंदाज मात्र आपण पळपुट्यांत जमा केलेत. याची मला चीड येते.

सांगितलं जातं ते असं: आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मूठभर गोरे घेऊन आला आणि त्याने शिंदे-भोसल्यांच्या अफाट फौजेची दाणादाण उडवली. साफ खोटं. गोऱ्यांचं पायदळ दोन पलटणींचं आणि घोडदळ एका पलटणीचं. बाकी मद्रासी शिपाई, म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. त्यांच्या पोटाला धान्य पुरवत होते लमाणांचे तांडे. वेलस्लीची पत्रं उघडून पाहा, बैल, तांदूळ आणि लमाण यांचा घोर पानोपानी आहे.

त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधून येण्याजाण्याची वाट असणारच, हे त्याने ताडलं आणि फौज पार केली. ही नजर सेनापतीचीच.

पण पुढे काय झालं? शिंद्यांच्या तोफांचा मारा असा जबर होता, की आपले शिपाई पुढे सरकतील की नाही याची क्षणभर शंका आली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. गोरी पलटण तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले होते. पळपुट्यांशी लढून एवढी माणसं पडत नाहीत.

मग आपल्यातले काही म्हणतात, फितुरीने घात केला. कंपनीच्या आमिषाला भुलून काही गोरे अंमलदार शिंद्यांची चाकरी सोडून गेले, हे खरं. पण पायदळ हॅनोव्हरच्या पोलमनच्या भरवशावर टाकून दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले रणातून निघून गेले, ती काय फितुरी होती? एवढं घोडदळ असून ते लढाईत धड उतरलंच नाही. हा दोष धन्यांचा.

वेलस्ली डब्लिनचा, आयरिश, म्हणजे पारतंत्र्याचं दुःख जाणणारा, अशीही एक भाबडी समजूत आहे. त्याचं घराणं आयर्लंडवर हुकूम चालवणाऱ्या प्रोटेस्टंट सरदारांचं. ट्रिमची आमदारकी त्याला घरच्या वजनावर मिळाली. त्याचाच थोरला भाऊ रिचर्ड इथे गव्हर्नर जनरल होता. 1829 साली पंतप्रधान असताना त्याने कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडलं, त्यापायी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलाचं द्वंद्वही खेळला. तरी त्यामागे आयर्लंडात यादवी पेटेल ही धास्ती होती, आयरिश कुळांचा कळवळा नव्हता.

असईनंतर अडगाव, गाविलगड. 30 डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहात अहमदनगरचा किल्ला सोडला, दिल्ली-आग्र्याकडचा दुआबही सोडला. त्या तहावर गोलंदाजांचा शिक्का नव्हता.