लागरची चव, स्ट्राँगचा हिशेब

पुण्या-मुंबईतल्या बिअररसिकांचं एक मत आता जवळजवळ शास्त्रवचन होऊन बसलं आहे. महाराष्ट्रात अधूनमधून बिअर पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना म्हणे चवच नाही. मिळेल ती लागर घ्यायची, त्यातही स्ट्राँग, दात शिवशिवतील इतकी गार, आणि घटाघटा संपवायची. स्टाउट, एल, आयपीए, गव्हाची बिअर असं केवढं जग पडलं आहे आणि ही मंडळी किंगफिशर-ट्यूबर्गच्या पुढे सरकायला तयार नाहीत. आधी जीभ तयार करा, मग बोलू.

या मताची कसोटी लावायला मी मुद्दाम तामलवाडी निवडतो. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर साधारण निम्म्या वाटेवरचं हे टोलनाक्याचं गाव. कोजागरीला सोलापुरातून निघालेले भाविक याच रस्त्यानं आई भवानीच्या दर्शनाला चालत जातात. एरवी ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि मोटारसायकली. इथला हौशी पिणारा म्हणजे सोयाबीनची पट्टी हातात पडलेला किंवा दोस्ताच्या वाढदिवसाला चौघांत दोन बाटल्या फोडणारा माणूस. रसिकांच्या लेखी अडाण्यांतला अडाणी. त्याच्याबाबत जे टिकेल तेच खरं.

पहिला आक्षेप, लागर म्हणजे बिनचवीचं पाणी. हे म्हणणाऱ्यांनी लागरचा इतिहास तरी चाळावा. थंडीत सावकाश काम करून तळाशी बसणारं यीस्ट आणि मग आठवडेच्या आठवडे गारठ्यात मुरवण, हा बव्हेरियन मद्यकारांचा शहाणपणा. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियनानं बोहेमियातल्या पिल्झन गावी पहिली सोनेरी लागर काढली. १८७० च्या दशकात लिंडेच्या शीतयंत्रानं बर्फाच्या तळघरांची गरज संपवली आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेननं शुद्ध यीस्ट वेगळं केलं, तेव्हा कुठे ही बिअर जगभर पोचली. फिकी लागर चांगली करणं अवघड, कारण तिच्यात चूक लपवायला जागा नसते. काळ्याकुट्ट स्टाउटमध्ये जळकट वास खपून जातो, लागरमध्ये तो लगेच उघडा पडतो. माणशी बिअर पिण्यात जगात अग्रेसर असलेला झेक माणूस आजही मुख्यतः फिकी लागरच पितो. त्याची जीभ तयार करायला कुणी निघाल्याचं ऐकिवात नाही.

तामलवाडीकडे या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. समोर खारे शेंगदाणे, कांदा-लिंबू, काळ्या मसाल्याचं मटण आणि कडक भाकरी. या जेवणासोबत कडवट आयपीए घेऊन बघावी. तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात आणि घशाची आग काही विझत नाही. गार, हलकी, फसफसती लागर तोंड धुऊन काढते आणि पुढच्या घासाला जागा करते. याला चव नाही म्हणायचं तर ताकालाही नाही म्हणावं लागेल. शिवाय आयपीए म्हणजे इंडिया पेल एल हे नाव आपल्या देशाचं असलं, तरी ती बिअर इथल्या गोऱ्या साहेबासाठी बोटीनं यायची. आपल्या जिभेला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तरही मिळालं. २००९ मध्ये पुण्यात डूलालीनं ताज्या बिअरचं दालन उघडलं, २०१५ मध्ये बिरा बाजारात आली आणि शहरी गर्दीनं बिराची कोणती बाटली उचलली? कमी कडू, गव्हाची, संत्र्याच्या वासाची. म्हणजे पर्याय समोर आला तेव्हाही लोकांनी सौम्यच निवडलं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जड आहे. सौम्य आवडतं म्हणता, मग खप स्ट्राँगचा कसा? देशात विकल्या जाणाऱ्या बिअरचा मोठा हिस्सा स्ट्राँगचा आहे, हे खरंच. विकणारेही हेच सांगतात, 'गिऱ्हाइकाला किक लागते, माइल्ड कोण घेतंय?' इथे रसिक आणि व्यापारी एका सुरात बोलतात आणि दोघंही चुकतात.

या रस्त्यावर दिसणारा एक प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. स्ट्राँगचं बूच उडालं की बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवायचं आणि अंगठा सोडायचा. पाण्यात तेलकट दिसणारी धार सावकाश खाली उतरते. 'बघा मालक, ग्लिसरीन निघालं. आता डोकं धरणार नाही.' ग्लिसरीन वगैरे काही निघत नाही. उरल्यासुरल्या साखरेमुळे बिअर पाण्याहून किंचित जड असते. ती खाली येते आणि पाणी बाटलीत वर चढतं. दोन द्रवांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून धार दिसते. समजूत खोटी, पण कृती बोलकी आहे. पैसे मोजून घेतलेली स्ट्राँग हा माणूस पहिल्याच मिनिटाला पाणी घालून सौम्य करतो. कुणी त्यात बर्फ टाकतो, कुणी लिंबू पिळतो. ८ टक्क्यांची ती चिकट, जळजळीत चव जिभेला नकोच असते.

मग ती घेतली कशाला? हिशेबानं. ६५० मिलीच्या बाटलीत ४.८ टक्क्यांची माइल्ड असेल तर अल्कोहोल सुमारे ३१ मिली, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ५२ मिली. दोन्हींच्या किमतीत मात्र फारसा फरक नाही. माइल्ड १८० आणि स्ट्राँग २०० रुपये धरली, तर एक मिली नशेला माइल्डमध्ये जवळपास सहा रुपये पडतात, स्ट्राँगमध्ये चारच्या आत. देशीच्या १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत राज्याच्या २०२५ च्या मद्यकर फेररचनेत ८० रुपये ठरली, ४२.८ टक्क्यांच्या त्या क्वार्टरमध्ये ७७ मिली अल्कोहोल, म्हणजे मिलीला रुपयाच्या आसपास. बाजार समितीत काट्यावर नजर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित कळत नाही, असं समजणारा स्वतः अडाणी.

पैशाच्या जोडीला घाई. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, पुढे २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं, नंतर आणखी सवलती दिल्या. हमरस्त्यावर पिऊन गाडी हाकणारा स्वतःसोबत दुसऱ्यालाही मारतो, त्यामुळे आदेशामागचा हेतू रास्तच होता. पण विनापरवाना ढाब्यावर बसलं तर दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली मालक आणि ८४ खाली पिणारा अडकतो, आणि घरी आणून प्यायची सोय नाही. मग उरतो शेताचा बांध, अंधार आणि दहा मिनिटं. दहा मिनिटांत चव कोण घेणार?

तिसरा आक्षेप सज्जनांचा. दुष्काळी जिल्ह्यात बिअरच्या चवीची चर्चा म्हणजे निव्वळ चैन, आणि दारू ती दारूच, सौम्य काय नि कडक काय. त्यातलं पाण्याचं दुखणं मला मान्य आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य उद्योगाच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात केली, ती योग्यच होती. दारूनं घरं बसतात, हेही डोळ्यांसमोर आहे. बिअरला औषध ठरवण्याचा माझा इरादा नाही. पण 'सगळं एकच' म्हणण्यानं फायदा क्वार्टरचाच होतो. सगळंच पाप असेल तर माणूस स्वस्तातलं पाप करतो. ३१ मिली आणि ७७ मिली यांतला फरक यकृताला कळतो, मोटारसायकलच्या हँडललाही कळतो. धोरणालाही कळायला हवा.

म्हणून माझं म्हणणं असं. लागरची आवड ही या हवेची, या जेवणाची अस्सल आवड आहे. तिला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. स्ट्राँगची आवड करानं, किमतीनं आणि लपवाछपवीनं घडवलेली आहे, आणि घडवलेलं बदलता येतं. बिअरवरचा कर बाटलीतल्या अल्कोहोलच्या प्रमाणात असावा, म्हणजे माइल्ड नजरेत भरण्याइतकी स्वस्त होईल. कुणी म्हणेल, मग देशीही त्याच मापानं महाग करा. ते घाईनं केलं तर गिऱ्हाईक हातभट्टीकडे वळेल. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर हातभट्टी सोडवायला पोलिसांना २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' राबवावं लागलं, हे विसरू नये. सुरुवात माइल्डचा कर उतरवण्यापासून व्हावी. लेबलवर '८ टक्क्यांपर्यंत' अशी मोघम मर्यादा नको, नेमका आकडा मोठ्या अक्षरांत मराठीत हवा. ३३० मिलीची माइल्ड गावच्या बिअर शॉपीतही गार मिळावी. आणि चार माणसांना हमरस्त्यापासून दूर, कायदेशीरपणे, उजेडात बसता यावं.

एवढं करा आणि मग तामलवाडीकर काय उचलतो ते पाहा. तोपर्यंत जीभ तयार करण्याचे वर्ग रसिकांनी कोरेगाव पार्कातच चालवावेत. इकडे जीभ तयार आहे, दर तयार नाहीत.